बोधगयेला जाताना कायदाही सोबत घ्या

सोयाबीन निघाले, कापसाच्या एक-दोन वेचण्या झाल्या, मजुरीचे चार पैसे हातात आले की आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील विहाराविहारांत बोधगयेच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. चिखली, मेहकर, लोणार, खामगाव, मोताळा, कुठेही जा. कोणी यात्रेची बस ठरवतो, सोबत आचारी आणि शिधा घेतो. कोणी मलकापूर नाहीतर शेगावहून रेल्वे धरतो, भुसावळला गाडी बदलतो आणि इटारसी-जबलपूर मार्गे गयेला उतरतो. उपासिकांनी बचत गटात, भिशीत वर्ष-दोन वर्षे पैसे साठवलेले असतात. पांढऱ्या साड्या, चादरी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, औषधाच्या गोळ्या, मेणबत्त्या, सगळे पिशवीत भरले जाते. फक्त एक गोष्ट त्या पिशवीत नसते. ती म्हणजे महाबोधी महाविहार ज्याच्या आधाराने आपल्या हाताबाहेर ठेवले गेले आहे तो १९४९ चा बोधगया मंदिर कायदा. जेमतेम काही पानांचा कायदा आहे. पण बोधगयेला दोनदा-तीनदा जाऊन आलेल्या उपासकांनाही मी विचारले, तर त्यातले काय कलम आहे हे सांगणारे फार थोडे भेटले.

आपल्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांना ही यात्राच मुळात पसंत नाही. ते म्हणतात, पंढरीची वारी सोडली आणि बोधगयेची धरली, मग फरक काय पडला? एका कुटुंबाचे बारा-पंधरा हजार रुपये जातात, तेवढ्यात मुलीची कॉलेजची फी भरली जाते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कर्ज काढून यात्रेला जाऊ नका, हे मीही सभांमधून सांगतो. बोधिवृक्षाचे पान आणून ताप आलेल्या लेकराच्या उशाखाली ठेवणारी माणसे आपल्यात आहेत. तेथून दोरा आणून मनगटाला बांधणारी आहेत. अशांना धम्म कळला नाही असे म्हणावेच लागेल.

पण म्हणून जाणेच चूक ठरत नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनीच श्रद्धावान माणसाने पाहावी अशी चार ठिकाणे सांगितली आहेत. जेथे त्यांचा जन्म झाला, जेथे संबोधी प्राप्त झाली, जेथे धम्मचक्र प्रवर्तन झाले आणि जेथे महापरिनिर्वाण झाले. पाहून मनात संवेग उत्पन्न व्हावा, यासाठी. तेथे नवस फेडायला सांगितलेले नाही. बाबासाहेबांची प्रकृती १९५६ च्या नोव्हेंबरात किती ढासळली होती हे आपण सारे जाणतो. तरीही ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि त्याच प्रवासात सारनाथ, कुशीनगर या स्थळी जाऊन आले. पुढे दोन-तीन आठवड्यांत, ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. बाबासाहेब काही पुण्य गोळा करायला तेथे गेले नव्हते. ज्या धम्माकडे लाखो लोकांना नेले, त्या धम्माची भूमी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आपण जातो तेही याच नात्याने गेले पाहिजे.

आता तेथे काय दिसते ते पाहू. गया स्टेशनवर उतरल्याबरोबर पंडे पुढे येतात. 'कुठून आलात, कोणाचे पिंड पाडायचे?' असे विचारतात. आपण बौद्ध आहोत असे सांगितले तरी मागे लागणे थांबत नाही. त्या शहराचे नाव २०२५ मध्ये बिहार सरकारने 'गयाजी' केले. तो त्यांचा प्रश्न. तेथून बारा-पंधरा किलोमीटरवर बोधगया. २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर सुरक्षा कडक झाली, मोबाईल बाहेर जमा करून आत जावे लागते. आत गेल्यावर महाविहाराचे शिखर पाहून आपल्या माणसांचे डोळे भरून येतात, ते मी पाहिले आहे. पण गाभाऱ्यात तथागतांच्या मूर्तीसमोर जमिनीत शिवलिंग दाखवले जाते. बाहेर निघताना एका लहान मंदिरात बुद्धमूर्तींना वस्त्रे नेसवून 'हे पाच पांडव' म्हणून सांगितले जाते. आमच्यासोबतच्या एका म्हाताऱ्या उपासिकेने तेथे उभ्या माणसाला विचारले, 'बापा, पांडव म्हणतोस तर यायच्या डोक्यावर उष्णीष कसं काय हाय?' तिला शाळेचे तोंड माहीत नव्हते, पण विहारातल्या प्रवचनांनी एवढे शिकवले होते. तो माणूस काही बोलला नाही.

बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी आणि सहावी आठवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण खोटे आणि खोडसाळ मानतो आणि श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही अशी शपथ आपण घेतलेली आहे. आता कायद्याचे कलम ११ वाचा. त्यात महाविहारात आणि त्याच्या जमिनीवर हिंदू व बौद्ध दोघांनाही पूजेसाठी आणि पिंडदानासाठी प्रवेशाचा हक्क दिला आहे. कलम १० वाचा. व्यवस्थापन समितीची जी कर्तव्ये तेथे सांगितली आहेत, त्यात पूजेबरोबर पिंडदानाची नीट व्यवस्था लावणे हेही आहे. म्हणजे समितीत बसलेल्या बौद्ध सदस्यावर, ज्याने पिंडदान न करण्याची शपथ घेतली असेल त्याच्यावरही, पिंडदानाची सोय करण्याची जबाबदारी कायद्यानेच टाकली आहे! जगात दुसऱ्या कोणत्या धर्माच्या सर्वोच्च स्थळी असे घडते?

ही समिती कशी बनते? बिहार अधिनियम १७, सन १९४९, कलम ३. राज्य सरकारने नेमलेले आठ सदस्य, त्यात चार बौद्ध आणि चार हिंदू. हिंदूंमध्ये बोधगयेच्या शैव मठाचे महंत आलेच. अध्यक्ष म्हणून गयेचे जिल्हाधिकारी. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ म्हटले असते की सरकारी अधिकारी तटस्थ असतो. पण त्याच कलमात परंतुक घातले होते की, जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर त्या काळापुरता सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमावा. बौद्धांच्या महाविहाराचा अध्यक्ष बौद्ध असण्याची अट नाही, हिंदू असण्याची मात्र होती! ही अट काढून टाकायला २०१३ साल उजाडले. ती काढली तरी हिशोब बदलला नाही. चार बौद्ध, चार हिंदू आणि वर सरकारचा माणूस. मतदानाला बसले तर बौद्ध नेहमी चारच. आणि हिंदू-बौद्धांत वापरावरून वाद झाला तर? कलम १२ म्हणते, राज्य सरकारचा निर्णय अंतिम. एक मासला आणखी सांगतो. या कायद्यात एक सल्लागार मंडळ आहे. त्यात बौद्धांचे बहुमत ठेवले आहे आणि परदेशी बौद्धही चालतात. जेथे फक्त सल्ला द्यायचा तेथे बहुमत बौद्धांचे, जेथे कुलूप-किल्ली आणि पैसा तेथे नाही.

काही जण म्हणतात, अहो वकीलसाहेब, वंदना करू देतात ना? भिक्खूच तर पूजा करतात, मग भांडण कशाला? अशांना मी आपल्याच गावातली गोष्ट सांगतो. गायरान जमीन कसणाऱ्या आपल्या माणसाला विचारा. तीस-तीस वर्षे नांगर त्याने धरला, दगड-गोटे त्याने वेचले, पीक त्याने काढले. पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून अतिक्रमण काढण्याची नोटीस आली की तो रात्रभर झोपत नाही. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक शेतमजुराला कळते. महाविहारात आपली वहिवाट आहे, सातबारा दुसऱ्याच्या नावाने आहे.

आपल्याच जिल्ह्यात शेगावला गजानन महाराज संस्थान आहे. तेथील शिस्त आणि स्वच्छता यांचे कौतुक मीही करतो. उद्या कोणी कायदा केला की या संस्थानाच्या कारभारात अर्धे सदस्य बौद्ध असतील आणि अध्यक्ष कलेक्टर असेल, तर? भाविक एक दिवस तरी सहन करतील का? त्यांनी करू नये असेच मी म्हणेन. तसा कायदा अन्यायाचाच ठरेल आणि एक बौद्ध वकील म्हणून मी त्याविरुद्ध उभा राहीन. मग तोच न्याय बोधगयेला का लागू नाही?

हा अन्याय कालपरवाचा नाही. अनागारिक धर्मपाल १८९१ च्या जानेवारीत बोधगयेला आले आणि महाविहाराची दुर्दशा पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली. १८९५ मध्ये त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती वरच्या मजल्यावर बसवली, तर महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर नेली. खालच्या कोर्टात त्या माणसांना शिक्षा झाली, कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. धर्मपाल १९३३ मध्ये गेले, तोवर महाविहार बौद्धांच्या हाती आले नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा झाला आणि १९५३ मध्ये महंताकडून कारभार या समितीकडे आला. महंताच्या एकट्याच्या ताब्यापेक्षा हे एक पाऊल पुढे होते, हे मान्य केले पाहिजे. पण ते पाऊल तेथेच थांबले. १९९२ पासून भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांनी मुक्ती आंदोलन उभे केले, तेव्हा महाराष्ट्रातून आणि खास करून आपल्या विदर्भातून माणसे गेली. त्या आंदोलनात तुरुंगवास भोगलेले कार्यकर्ते आज साठी-सत्तरीत आहेत. २००२ मध्ये युनेस्कोने महाविहाराला जागतिक वारसा म्हटले. जगाने वारसा म्हटले, पण वारसदार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

१२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी पुन्हा उपोषण सुरू केले. त्या महिन्याच्या अखेरीस रात्रीच्या वेळी पोलिसांनी त्यांना महाविहाराजवळून हलवले, तर त्यांनी दोमुहान येथे आंदोलन पुढे चालू ठेवले. आपल्याकडेही गावोगावी मोर्चे निघाले, तहसीलदार आणि कलेक्टरना निवेदने दिली गेली. कोर्टाची लढाईही आहे. २०१२ मध्ये ससाई भन्तेजी व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३० जून २०२५ रोजी माजी मंत्री ॲड. सुलेखाताई कुंभारे यांच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की, उच्च न्यायालयात जा. माझ्या मते मुद्दा सरळ आहे. १९४९ चा कायदा हा संविधान लागू होण्याच्या आधीचा. अनुच्छेद १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला जुना कायदा त्या विसंगतीपुरता रद्द ठरतो. आणि अनुच्छेद २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धर्माच्या बाबतीतील कारभार स्वतः पाहण्याचा हक्क देतो. १९९१ चा उपासनास्थळांचा कायदा आडवा येतो असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. आपण स्थळाचे धार्मिक स्वरूप बदला असे म्हणतच नाही. ते १५ ऑगस्ट १९४७ लाही बौद्ध विहारच होते. आपण मागतो तो कारभार.

पण कोर्टाच्या तारखांवर सगळे सोडून चालणार नाही, हे पंचवीस वर्षे नसली तरी बरीच वर्षे काळा कोट घातल्यावर मला कळून चुकले आहे. आणि येथेच आपल्या यात्रेकरूंचा खरा संबंध येतो. २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहा. देशात सुमारे ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात दर सात माणसांमागे जवळपास एक बौद्ध. आणि दहा कोटींच्या बिहारमध्ये बौद्ध किती? पंचवीस हजारांच्या आसपास. ज्या विधानसभेने हा कायदा केला, तेथे बौद्धांच्या मताला कोणी विचारत नाही, कारण तेथे मतेच नाहीत. ज्यांची मते आहेत ते मलकापूर स्टेशनवर गाडीत बसतात, वंदना करून परत येतात आणि म्हणतात, बिहार सरकारने काहीतरी केले पाहिजे. बिहार सरकार कशाला करील?

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते की धार्मिक संस्था आणि धार्मिक देणग्या हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीत आहे, नोंद २८. म्हणजे त्यावर राज्याइतकाच संसदेलाही कायदा करता येतो. संसदेने कायदा केला तर अनुच्छेद २५४ प्रमाणे त्याच्याशी विसंगत असलेला राज्याचा कायदा मागे पडतो. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यात आपल्या बुलडाण्याचे एक. ते मत मागायला आपल्या वस्तीत येतात, जयंतीला हार घालतात, विहाराला सभामंडप देतो म्हणतात. सभामंडप घ्यावा, पण त्यांना कोणी असे विचारले आहे का की, साहेब, नोंद २८ खाली बोधगयेचे विधेयक तुम्ही खासगी सदस्य म्हणून मांडणार का? मांडणार नसाल तर का नाही, हे लेखी द्या. गयेच्या कलेक्टरला दिलेल्या निवेदनाची पोच मिळत नाही. आपल्या खासदाराला मात्र दर पाच वर्षांनी आपल्या दारात यावे लागते. म्हणून माझी सूचना अशी आहे की, बोधगयेला जाणाऱ्या प्रत्येक गटाने निघण्यापूर्वी एक निवेदन खासदाराला द्यावे आणि परत आल्यावर, तेथे काय पाहिले ते लिहून दुसरे द्यावे. पन्नास माणसांची बस गेली तर पन्नास सह्या. चिखलीचा गट वेगळा, मेहकरचा वेगळा. निवेदन छापील नको, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे. छापील निवेदन रद्दीत जाते हा अनुभव आहे.

जाता जाता जवळच्याही एका जागेची आठवण करून देतो, कारण दूरच्या महाविहारासाठी भांडणाऱ्यांनी उशाजवळचा स्तूप विसरू नये. आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने २००० च्या दशकात तेथे उत्खनन केले, तेव्हा विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. दोन हजार वर्षांहून जुनी ही वस्ती. म्हणजे वऱ्हाडातल्या आपल्या मातीत धम्म १९५६ मध्ये पहिल्यांदा आलेला नाही, तो परत आला. या जागेवर जिगाव धरणाच्या पाण्याचे सावट वर्षानुवर्षे आहे. धरण होऊ नये असे मी म्हणत नाही. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पाणी हवे आहे, त्यात आपलीही माणसे आहेत. पण स्तूपाचे काय करणार हे सरकारने आधी सांगितले पाहिजे, पाणी भरल्यावर नव्हे. बोधगयेला दरवर्षी जाणाऱ्या आपल्या किती गटांनी भोनची माती पाहिली आहे? शेगावहून एका दिवसात जाऊन येता येते, कर्ज काढावे लागत नाही. ज्या जागेवर माणसांची पावले पडत नाहीत, ती जागा सरकारी नकाशावर ओसाड ठरते आणि ओसाड जागा बुडवायला कोणाला वाईट वाटत नाही. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. तेथे काही विकत मिळत नाही, फोटो काढण्यासारखे शिखर नाही. मुलांना समजावून सांगण्यासाठी मात्र पुष्कळ आहे.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी उघडत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. या हिवाळ्यात जाणाऱ्यांनी तिकिटे काढल्यापासून गाडीत बसेपर्यंतचे हे दोन महिने कामी लावावेत. दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास कायद्याचे एकेक कलम मराठीत वाचावे. तालुक्याच्या बार रूममध्ये आपले तरुण वकील बसलेले असतात, त्यांना बोलवावे. ते येतील. नाही आले तर मला कळवा, मी येतो. कलम ३, १०, ११ आणि १२ एवढी चार नीट समजली तरी काम झाले. आणि त्या उपासिकेसारखे प्रश्न विचारायचे असतील तर ते मराठीतच विचारा, गाभाऱ्यातल्या माणसाला आणि परत आल्यावर खासदारालाही.